पंचाने कोठे उभे राहावे?

रायपूर शहराच्या जुन्या भागात ब्राह्मणपारा नावाची वस्ती आहे. तेथील गल्ल्यांत काय, पुण्याच्या पेठांत काय किंवा नागपूरच्या महालात काय, मुलांचे क्रिकेट सर्वत्र एकाच पद्धतीने चालते. चार विटा एकावर एक रचल्या की यष्टी उभी राहते. भिंतीवर कोळशाने तीन उभ्या रेघा ओढल्या तरी काम भागते. गल्लीत पायचीताचा नियम बहुधा नसतो. त्यामुळे खेळात भांडण निघाले तर ते बहुतेक धावचीतावरून निघते. धावणारा आधी पोहोचला की चेंडू विटांना आधी लागला? दोन्ही बाजू शपथेवर सांगतात की आम्ही डोळ्यांनी पाहिले. आणि गंमत अशी की दोन्ही बाजू खरे बोलत असण्याचा संभव असतो.

हाच प्रश्न मोठ्या मैदानावर, सहस्रावधी प्रेक्षकांसमोर, पंचाला रोज सोडवावा लागतो. रायपूरजवळ नवा रायपूर येथे शहीद वीर नारायण सिंह यांच्या नावाचे क्रीडांगण आहे. तेथे २१ जानेवारी २०२३ रोजी भारत व न्यूझीलंड यांच्यामध्ये या मैदानावरील पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला; न्यूझीलंडचा डाव १०८ धावांत आटोपला आणि भारताने तो सामना आठ गडी राखून जिंकला. अशा सामन्यात पंचाच्या मदतीला अनेक कॅमेरे असतात. परंतु शाळेच्या, तालुक्याच्या अथवा महाविद्यालयाच्या सामन्यात पंच एकटा असतो. त्याच्याजवळ दोन डोळे, दोन कान आणि उभे राहण्याची एक जागा एवढेच साहित्य असते. त्यांपैकी डोळे आणि कान निसर्गाने दिलेले आहेत. जागा मात्र त्याला स्वतः निवडता येते आणि निर्णयाचा खरेखोटेपणा पुष्कळ अंशी त्या निवडीवर अवलंबून असतो.

दोन घटना, एक निर्णय

धावचीताचा निर्णय म्हणजे दोन घटनांपैकी कोणती आधी घडली हे ठरविणे होय. एक घटना म्हणजे फलंदाजाची बॅट अथवा त्याच्या शरीराचा एखादा भाग पॉपिंग क्रीजच्या आत जमिनीला टेकणे. दुसरी घटना म्हणजे यष्टी मोडणे, म्हणजे बेल यष्टीच्या माथ्यावरून पूर्णपणे सुटणे किंवा यष्टी उखडली जाणे. ही रेषा यष्टीच्या पुढे ४ फुटांवर, म्हणजे सुमारे १ मीटर २२ सेंटिमीटरांवर असते. बॅट रेषेच्या वर टेकून चालत नाही, ती रेषेच्या आत टेकावी लागते.

एका पॉपिंग क्रीजपासून दुसऱ्या पॉपिंग क्रीजपर्यंतचे अंतर ५८ फूट, म्हणजे साधारण १७.७ मीटर आहे. हे अंतर चपळ फलंदाज सुमारे तीन सेकंदांत काटतो. तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ६ मीटरांच्या आसपास पडतो. याचा अर्थ असा की एका सेकंदाच्या शंभराव्या भागात तो ६ सेंटिमीटर पुढे सरकतो. बॅटची रुंदी नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १०.८ सेंटिमीटर असते. ‘बॅटभर अंतराने वाचला’ असे ज्याच्याविषयी म्हटले जाते, तो फलंदाज वास्तविक सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षाही कमी काळाने वाचलेला असतो. मनुष्याच्या डोळ्याची एक उघडझाप होण्यास याहून कितीतरी अधिक वेळ लागतो.

अमेरिकेतील बेसबॉल या खेळात पहिल्या बेसवरचा निर्णय अगदी याच जातीचा आहे. चेंडू मारल्यावर फलंदाजाला ९० फुटांवर, म्हणजे २७.४ मीटरांवर असलेल्या पहिल्या बेसकडे धाव घ्यावी लागते. क्षेत्ररक्षकाने फेकलेला चेंडू बेसला पाय लावून उभ्या असलेल्या खेळाडूच्या हातमोज्यात आधी आला तर धावणारा बाद; धावणाऱ्याचा पाय बेसला आधी लागला तर तो सुरक्षित. एका सामन्यात असे निर्णय अनेकदा द्यावे लागतात. म्हणून ह्या एका जागेवर पंचाने कसे उभे राहावे, याचा विचार तेथे फार बारकाईने झालेला आहे. क्रिकेटच्या पंचालाही त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

रेषेत उभे राहण्याचे मर्म

गोलंदाजाच्या बाजूचा पंच चेंडू टाकला जात असताना यष्टीच्या मागे उभा असतो. फलंदाज धाव घेऊ लागताच तो झपाट्याने बाजूला जातो आणि पॉपिंग क्रीजच्या रेषेत येऊन उभा राहतो. पाहणाऱ्याला वाटते, फेकलेला चेंडू अंगावर येऊ नये म्हणून तो दूर झाला. तेही एक कारण आहे. परंतु मुख्य कारण भूमितीचे आहे.

जमिनीला टेकलेली वस्तू रेषेच्या आत आहे की बाहेर, हे कोणत्याही बाजूने पाहिले तरी बऱ्यापैकी कळते. अडचण येते ती हवेत असलेल्या वस्तूविषयी. धावणाऱ्या फलंदाजाच्या बॅटचे टोक जमिनीपासून ५ सेंटिमीटर वर आहे आणि पंच ८ मीटरांवर उभा आहे, असे समजू. पंचाचा डोळा जमिनीपासून सुमारे १.७ मीटर उंचीवर असतो. त्या डोळ्यापासून बॅटच्या टोकाला स्पर्श करून जाणारी दृष्टिरेषा पुढे जमिनीला जेथे मिळते, ती जागा बॅटच्या खऱ्या जागेच्या सुमारे २४ सेंटिमीटर पलीकडे असते. म्हणजे बॅटचे टोक आहे त्यापेक्षा एवढे पुढे गेल्यासारखे दिसते.

आता पंच जर बरोबर रेषेत उभा असेल तर हे २४ सेंटिमीटर रेषेच्याच दिशेने जातात. बॅट रेषेवरून डावीकडे किंवा उजवीकडे सरकल्यासारखी दिसेल, पण आत-बाहेरचा भेद बिघडणार नाही. पंच रेषेपासून ३० अंश तिरकस उभा असेल तर मात्र त्यांपैकी निम्मे, म्हणजे १२ सेंटिमीटर, रेषेच्या आडव्या दिशेने जातात. पंच यष्टीच्या मागच्या अंगाला राहिला असेल, तर आत आलेली बॅट त्याला बाहेर दिसेल. तो रेषेच्या पुढच्या अंगाला गेला असेल, तर बाहेर असलेली बॅट आत दिसेल. आपण बारा सेंटिमीटरांची चूक पाहत आहोत याची त्याला जाणीवही होणार नाही. कारण डोळा जे दाखवितो तेच त्याला सत्य वाटते. धावणारा फलंदाज एवढे अंतर सेकंदाच्या पन्नासाव्या भागात तोडतो.

फुटबॉलमधील ऑफसाइडच्या निर्णयांतही हीच भूमिती काम करते. नेदरलँड्समधील संशोधकांनी साहाय्यक पंचांच्या चुकांचा अभ्यास करून तो २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. साहाय्यक पंच शेवटच्या बचावपटूच्या अचूक रेषेत नसतात, बहुधा थोडे पुढे गेलेले असतात, आणि त्यांच्या चुकांचा मोठा भाग केवळ ह्या तिरकस दृष्टिकोनाने समजावून देता येतो, असे त्यांना आढळले. पंचाची बुद्धी अथवा सचोटी यांत कोठेही उणी नव्हती. त्याचे पाय चुकीच्या जागी होते, इतकेच.

खो-खोसारख्या आपल्या खेळातही पंचांच्या जागेचा विचार झालेला आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास ज्या खेळाचे नियम बांधण्यास आरंभ केला, त्या खो-खोत दोन पंच मधल्या पट्ट्याच्या दोन अंगांना उभे राहतात आणि मैदानाचा आपापला अर्धा भाग सांभाळतात. एकाच्या दृष्टीआड जे होते, ते दुसऱ्याच्या समोर घडते.

फार जवळ आणि फार दूर

रेषा सापडली, आता अंतर ठरवावयाचे. स्वाभाविक कल्पना अशी की जितके जवळ जावे तितके स्पष्ट दिसेल. परंतु धावचीताच्या वेळी पंचाला एकाच वस्तूकडे पाहावयाचे नसते. क्रीजवर बॅट आणि तिच्यापासून १.२२ मीटरांवर यष्टी, अशा दोन जागी त्याला लक्ष ठेवावे लागते.

मनुष्याच्या डोळ्याच्या पडद्यावर अगदी सूक्ष्म दिसण्याजोगा भाग फार लहान आहे. समोरच्या दृश्यापैकी जेमतेम दोन अंशांचा भाग तो पूर्ण स्पष्टपणे पाहतो. हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या नखाची रुंदी साधारण तेवढी भरते. बाकीचे दृश्य डोळ्याला दिसते खरे, पण अस्पष्टपणे. पंच ३ मीटरांवर असेल तर क्रीज आणि यष्टी यांमध्ये २२ अंशांचा कोन पडतो. ८ मीटरांवर तो सुमारे ९ अंश होतो आणि १२ मीटरांवर ६ अंशांच्याही आत येतो. जसजसे दूर जावे तसतशा दोन्ही घटना एका दृष्टिक्षेपात सामावू लागतात. मात्र फार दूर गेल्यास बॅटचे टोक आणि जमीन यांमधील फटच दिसेनाशी होते. जवळपणा आणि दूरपणा यांमध्ये एक मध्यम अंतर असते. अनुभवी पंच ते पायांनी ओळखतो.

जवळ उभा असलेला पंच क्रीजकडून यष्टीकडे झटकन नजर फिरवील, असे कोणी म्हणेल. पण ही नजर फिरविणे फुकट होत नाही. दहा अंश नजर उडी घेते तेव्हा सुमारे ४० ते ४५ सहस्रांश सेकंद जातात आणि त्या काळात मेंदू डोळ्याकडून येणारे चित्र जवळजवळ दाबून टाकतो. आरशासमोर उभे राहून एका डोळ्याकडून दुसऱ्या डोळ्याकडे नजर फिरविली, तर आपल्याच बुबुळांची हालचाल आपणास कधीही दिसत नाही; त्याचे कारण हेच. तेवढ्या काळात फलंदाज पाव मीटर पुढे गेलेला असतो. म्हणून नजर एका जागी स्थिर ठेवून दुसरी घटना डोळ्याच्या कडेने टिपणे अधिक सुरक्षित ठरते.

याच न्यायाने, निर्णयाच्या क्षणी पंचाने धावत असता कामा नये. धावताना डोके हलते आणि डोक्याबरोबर सारे दृश्य हलते. रेषेपर्यंत पूर्ण पोहोचणे जमत नसेल तरी, घटना घडण्यापूर्वी थांबावे, डोके स्थिर करावे आणि मग पाहावे, अशी शिकवण क्रिकेट व बेसबॉल ह्या दोन्ही खेळांत पंचांना दिली जाते.

डोळा आणि कान

पहिल्या बेसवरच्या पंचाला आणखी एक अडचण असते. धावणाऱ्याचा पाय जमिनीवर पडतो, तर चेंडू माणसाच्या छातीइतक्या किंवा त्याहून अधिक उंचीवर झेलला जातो. पंच बेसपासून साधारण १५ ते १८ फूट, म्हणजे सुमारे ५ मीटर दूर, फेकीच्या मार्गाशी काटकोन होईल अशा जागी उभा राहतो. त्या अंतरावरूनही पाय आणि हातमोजा यांत पंधरा अंशांहून मोठा कोन पडतो. दोहोंकडे एकदम पाहता येत नाही. यावर पूर्वीपासून चालत आलेला उपाय असा की डोळे बेसवर ठेवावेत आणि चेंडू हातमोज्यात शिरल्याचा ‘थप्’ असा आवाज कानांनी ऐकावा. पाय डोळ्याने, चेंडू कानाने.

उपाय नामी आहे, पण त्यातही एक बारीक खोच आहे. रायपूर-नागपूरकडच्या उबदार हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. ५ मीटर अंतर तोडण्यास त्याला सुमारे १४ सहस्रांश सेकंद लागतात. प्रकाशाला लागणारा काळ मात्र शून्याइतकाच. सेकंदाला ८ मीटर वेगाने धावणारा खेळाडू तेवढ्यात ११ सेंटिमीटर पुढे जातो. म्हणजे आवाज उशिरा पोहोचतो आणि त्याचा लाभ धावणाऱ्याला मिळावयास हवा. परंतु शरीराच्या आत नेमके उलट घडते. कानावर पडलेल्या ध्वनीचा अर्थ मेंदू डोळ्यावर पडलेल्या प्रकाशापेक्षा अधिक त्वरेने लावतो. हा फरक काही दशसहस्रांश नव्हे, तर काही शतांश सेकंदांचा असतो. बाहेर मागे पडलेला ध्वनी आत पुढे जातो. सुमारे १० ते १५ मीटर अंतरावर हे दोन्ही हिशेब एकमेकांस फेडतात, असे मानले जाते. त्याहून जवळ कान थोडा घाईने साक्ष देतो, त्याहून दूर तो रेंगाळतो.

आणि कानच निकामी झाला तर? २६ ऑक्टोबर १९८५ रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना चालू होता. सेंट लुईसचा संघ मालिकेत ३–२ असा पुढे होता आणि ह्या सामन्यातही शेवटच्या भागात १–० अशी त्याची आघाडी होती. यजमान संघाचा होर्हे ओर्टा पहिल्या बेसकडे धावला. गोलंदाज टॉड वॉरेल बेसवर येऊन उभा राहिला होता. तो उंच, आणि चेंडूही उंचावर आला. डॉन डेंकिंगर या अनुभवी पंचाने ओर्टाला सुरक्षित ठरविले. चित्रफितीत तो स्पष्टपणे बाद दिसत होता. हातमोजा आणि पाय एकाच वेळी नजरेत येऊ शकले नाहीत आणि प्रेक्षकांच्या कल्लोळात झेलाचा आवाजही ऐकू आला नाही, असे डेंकिंगर यांनी पुढे सांगितले. तो सामना यजमानांनी २–१ असा जिंकला, दुसऱ्या दिवशीचा ११–० असा जिंकला आणि विजेतेपद त्यांच्याकडे गेले. त्या एका निर्णयापायी डेंकिंगर यांना पुढे अनेक दिवस धमक्यांची पत्रे येत राहिली.

खगोलवेत्त्यांचा अनुभव

डोळ्याची साक्ष आणि कानाची साक्ष यांचा मेळ घालण्याची अडचण विज्ञानाला प्रथम वेधशाळेत जाणवली. अठराव्या शतकात तारा दुर्बिणीतील तारेला कधी ओलांडतो, हे पाहणारा निरीक्षक डोळ्याने तारा पाहत असे आणि कानाने घड्याळाचे ठोके मोजत असे. ग्रिनिच येथील राजज्योतिषी नेव्हिल मॅस्कलिन यांना आपल्या आणि साहाय्यक डेव्हिड किनब्रुक यांच्या नोंदींत सेकंदाच्या आठ दशांशांइतका फरक पडतो असे दिसून आले. साहाय्यक निष्काळजी आहे असे समजून १७९६ साली त्यांनी त्याला कामावरून दूर केले.

पुढे जर्मन खगोलवेत्ता फ्रीड्रिख बेसेल याने ह्या गोष्टीचा मागोवा घेतला. स्वतःच्या नोंदी इतर नामांकित निरीक्षकांच्या नोंदींशी ताडून पाहता, कोणत्याही दोघा निरीक्षकांत असा फरक असतोच, आणि कधी कधी तो एका सेकंदाहूनही अधिक असतो, असे त्याला आढळले. किनब्रुक बिचारा आळशी नव्हता. त्याचे डोळे आणि कान मॅस्कलिनच्या डोळ्याकानांहून वेगळ्या रीतीने एकत्र येत होते. ह्या व्यक्तिगत फरकाला खगोलशास्त्रात स्वतंत्र स्थान मिळाले आणि मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांचा एक पाया त्यातूनच घातला गेला. मैदानावर दोन प्रामाणिक माणसे एकाच धावेविषयी परस्परविरुद्ध साक्ष देतात, तेव्हा किनब्रुकची आठवण ठेवणे इष्ट ठरेल.

मन कोणाच्या बाजूचे?

यापुढची गोष्ट मनाची. ज्या घटनेकडे आपले लक्ष आधीपासून लागलेले असते, ती आपणास इतर घटनांपेक्षा थोडी आधी घडल्यासारखी वाटते. ही गोष्ट मानसशास्त्रज्ञांना शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. यष्टीकडे टक लावून बसलेल्या पंचाला बेल लवकर पडल्यासारखी वाटेल, तर बॅटकडे पाहणाऱ्याला बॅट लवकर टेकल्यासारखी.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठातील टाय टँग आणि मायकेल मॅकबीथ यांनी २०१९ साली एक उद्बोधक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन व्यक्तींनी समोरासमोर बसून जवळजवळ एकाच क्षणी एकमेकांच्या हाताला स्पर्श करावयाचा आणि आधी कोणी स्पर्श केला ते सांगावयाचे. प्रत्येकाला आपलाच स्पर्श आधी झाल्यासारखा वाटे. हा भास सुमारे ५० सहस्रांश सेकंदांइतका निघाला. आपण केलेली कृती आपल्याला दुसऱ्याच्या कृतीपेक्षा एवढी आधी भासते. फलंदाजाच्या हिशेबी त्याचे मोल ३० सेंटिमीटर होते! ‘मी आधी पोहोचलो’ असे फलंदाज म्हणतो आणि ‘मी आधी बेल उडविली’ असे यष्टीरक्षक म्हणतो, तेव्हा दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसतो. म्हणूनच खेळाला तिसरा माणूस लागतो. पंचाचे खरे मोल त्याच्या तीक्ष्ण दृष्टीइतकेच, ती कृती त्याची स्वतःची नसण्यात आहे.

यंत्राची साक्ष

१४ नोव्हेंबर १९९२ हा दिवस क्रिकेटच्या इतिहासात याच कारणाने नोंदला गेला. दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथे भारताचा कसोटी सामना चालू होता. मुंबईचा एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर धावेसाठी पुढे निघाला आणि अर्ध्यावरून परतला. जाँटी ऱ्होड्सच्या फेकीवर यष्टी मोडली गेली. पंच सिरिल मिचली यांनी तत्काळ बोट वर केले नाही. त्यांनी चित्रवाणीच्या पडद्याची खूण केली आणि निर्णय मैदानाबाहेर बसलेल्या कार्ल लीबेनबर्ग यांच्याकडे सोपविला. चित्रफीत पाहून तेंडुलकर बाद ठरला. त्याच्या धावा ११ झाल्या होत्या. तिसऱ्या पंचाने चित्रवाणीच्या साहाय्याने धावचीत दिलेला आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधील तो पहिला फलंदाज. त्या निर्णयाची आवश्यकता मिचली यांनी ओळखली, यातच त्यांची पंच म्हणून योग्यता दिसते.

यंत्रालाही मर्यादा असतात. सेकंदाला २५ चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमधील काळ ४० सहस्रांश सेकंद असतो आणि तेवढ्यात फलंदाज २४ सेंटिमीटर धावतो. पहिल्या चित्रात बेल जागेवर आणि बॅट बाहेर. दुसऱ्या चित्रात बेल उडालेली आणि बॅट आत. मध्ये काय घडले ते कॅमेऱ्याने पाहिलेच नाही. सेकंदाला ३०० चित्रे घेतली तर हे अंधारातील अंतर २ सेंटिमीटरांवर येते. आणखी एक सुधारणा म्हणजे यष्टीच्या माथ्यावरून सुटताच प्रकाशणाऱ्या बेल. त्यांमुळे यष्टी मोडल्याचा क्षण चित्रात ठळक उमटतो. मात्र हे कॅमेरेही क्रीजच्या रेषेतच बसवावे लागतात. तिरकस बसविलेला कॅमेरा तिरकस उभ्या राहिलेल्या पंचासारखीच चूक करील. यंत्र आले तरी भूमिती तीच राहिली.

बेसबॉलने अशा निर्णयांसाठी चित्रफितीचा व्यापक आधार २०१४ साली घेतला. त्यापूर्वीची एक घटना तेथील लोक विसरलेले नाहीत. २ जून २०१० रोजी डेट्रॉइट येथे आर्मांडो गॅलाराग्गा याने क्लीव्हलँड संघाचे लागोपाठ २६ फलंदाज बाद केले होते. एकालाही पहिल्या बेसपर्यंत जाऊ दिले नव्हते. आणखी एक बाद झाला असता तर तो ‘निर्दोष सामना’ झाला असता. बेसबॉलच्या दीर्घ इतिहासात तोवर असे सामने केवळ २० झाले होते. सत्ताविसावा फलंदाज जेसन डोनल्ड धावला, गॅलाराग्गा बेसवर पोहोचला, चेंडू त्याच्या हाती वेळेवर आला. आणि पंच जिम जॉइस यांनी धावणाऱ्याला सुरक्षित ठरविले. चित्रफितीत तो बाद होता. गॅलाराग्गा क्षणभर हसला आणि पुढच्या फलंदाजाला चेंडू टाकण्यास निघून गेला. सामना संपल्यावर जॉइस यांनी चित्रफीत पाहिली, आपण चुकलो असे जाहीरपणे सांगितले आणि गॅलाराग्गाची स्वतः भेट घेऊन क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी जॉइस पुन्हा पंच म्हणून मैदानावर आले तेव्हा संघाची यादी त्यांच्या हाती देण्यासाठी गॅलाराग्गाच पुढे आला. निर्णय मात्र बदलला नाही. इतिहासात त्या सामन्याची नोंद ‘निर्दोष’ अशी झाली नाही ती नाहीच.

शाळेच्या मैदानावर

मुंबईचे माधव गोठोसकर यांनी १९७३ ते १९८३ या काळात कसोटी सामन्यांत पंच म्हणून काम केले. त्यांच्या काळी मैदानावर चित्रफितीची मदत नव्हती. मुंबईचेच पिलू रिपोर्टर आणि हैदराबादचे व्ही. के. रामस्वामी यांना १९८६ साली पाकिस्तान व वेस्ट इंडीज यांच्या लाहोर येथील कसोटीसाठी तटस्थ पंच म्हणून बोलाविण्यात आले. त्याही वेळी त्यांच्यापाशी डोळे, कान आणि पायांखालची जागा एवढेच साधन होते. जानेवारी २०२३ मध्ये रणजी करंडकाच्या सामन्यांत प्रथमच महिला पंच उभ्या राहिल्या; त्यांत मुंबईच्या वृंदा राठी या एक होत्या. पंचाचे शास्त्र हे असे शिकता येण्याजोगे शास्त्र आहे.

शाळेतील विद्यार्थ्यांना त्याची प्रचिती दोन सोप्या प्रयोगांनी घेता येईल. मैदानावर चुन्याची एक सरळ रेषा आखावी. एका विद्यार्थ्याने काठीचे टोक जमिनीपासून ५ सेंटिमीटर उंचीवर आणि रेषेच्या आत ५ सेंटिमीटर येईल असे धरावे. दुसऱ्याने आठ-दहा पावलांवरून, प्रथम बरोबर रेषेत उभे राहून आणि नंतर दोन्ही बाजूंना तिरकस सरकून, टोक आत दिसते की बाहेर हे सांगावे. काठी जागची न हलता एका बाजूने बाहेर आणि दुसऱ्या बाजूने खोल आत दिसू लागेल. दुसऱ्या प्रयोगात एकाने शंभर मीटरांवर जाऊन थाळी वाजवावी. हात थाळीवर पडलेला दिसणे आणि आवाज ऐकू येणे यांमध्ये सुमारे पाव सेकंदाहून थोडा अधिक काळ जातो, हे सर्वांना सहज कळेल. मग पन्नास मीटर, पंचवीस मीटर असे जवळ यावे आणि हा फरक कोठे जाणवेनासा होतो ते पाहावे. प्रत्येकाचे उत्तर थोडे निराळे येईल. ते तसे यावे हेच योग्य.

हे प्रयोग करून झाल्यावर वर्गातील ज्याला पंच व्हावयाचे असेल त्याने चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. फटका बसताच चेंडूची दिशा पाहून साधारणपणे त्याच बाजूला सरकावे, म्हणजे चेंडूकडे पाठ होत नाही. क्रीजची रेषा गाठावी, दोन्ही घटना एका नजरेत येतील एवढे अंतर ठेवावे. घटना घडण्यापूर्वी थांबावे आणि डोके स्थिर ठेवावे. आणि पाहिल्यानंतर क्षणभर विचार करून मगच हात वर करावा. कारण चेंडू हातात नसताना यष्टीरक्षकाच्या नुसत्या हाताने बेल पडली असेल, किंवा चेंडू झेलता झेलता निसटला असेल. एवढे करूनही शंका उरली तर नियमाप्रमाणे फलंदाज नाबाद असतो. बाद करण्यासाठी पंचाची खात्री झाली पाहिजे. नाबाद ठरविण्यासाठी शंका पुरेशी आहे.

ज्या मैदानावर कॅमेरा नाही आणि पुढेही येण्याचा संभव नाही, अशी मैदाने देशात कॅमेरा असलेल्या मैदानांपेक्षा अगणित पटींनी अधिक आहेत. तेथे खेळणाऱ्या मुलालाही त्याच्या धावेचा खरा निर्णय मिळण्याचा हक्क आहे. तो मिळणे किंवा न मिळणे हे पुष्कळदा पंचाने वेळेवर टाकलेल्या चार पावलांवर ठरते.